हवापालटाचे घर

शरीर शिणले अगर मन उबगले म्हणजे माणसाला डोंगर आठवतो. दुखण्यातून उठलेल्यास ‘आता महिनाभर हवापालट करा’ असे सांगण्याची डॉक्टरांची रीत फार जुनी आहे, आणि त्या सल्ल्याप्रमाणे माथेरान, पाचगणी, महाबळेश्वर गाठणाऱ्या कुटुंबांच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या. सल्ला तोच राहिला. मुक्कामाचे घर मात्र पालटले. पूर्वी एखाद्या ओळखीच्या गृहस्थाचा बंगला किंवा जातवार आरोग्यभुवनातील दोन खोल्या मिळाल्या तरी पुरेसे होई. आज त्यांच्या जोडीला मालिश, योगासने, पथ्याचा आहार आणि मौन यांची व्यवस्था असलेली विश्रामधामे अरण्याच्या कडेला, तळ्याच्या काठी, डोंगराच्या सोंडेवर उभी राहत आहेत.

या विश्रामधामांच्या मुळाशी एक मोठी विसंगती आहे. पाहुणा येतो तो शुद्ध हवेसाठी, वाहत्या पाण्यासाठी, झाडांच्या सावलीसाठी व शांततेसाठी. आणि त्याची सोय करावयाची म्हणून डोंगराचा उतार कापला जातो, झरा नळात कोंडला जातो, झाडे तोडून मोटारींसाठी अंगण केले जाते व रात्रभर विजेचे जनित्र घरघरत राहते. ज्या वस्तूच्या लोभाने घर बांधले, तीच वस्तू घरामुळे नाहीशी होते. ही केवळ कल्पनेतील भीती नव्हे. महाबळेश्वर-पाचगणी हा प्रदेश २००१ साली व माथेरान २००३ साली केंद्र सरकारला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करावा लागला, तो अशाच ओझ्यामुळे. तेव्हा अशा ठिकाणी घर बांधूच नये काय, आणि बांधावयाचे तर ते कसे असावे, हा प्रश्न केवळ स्थापत्यशास्त्रज्ञांचा राहिलेला नाही. त्या घरी मुक्कामाला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा तो प्रश्न आहे.

प्रथम एक शंका दूर करावयास हवी. निसर्गाच्या सान्निध्यात माणसास बरे वाटते, हा निव्वळ कवींचा समज तर नव्हे? या शंकेचे एक मोजके उत्तर १९८४ साली रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने दिले. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांची नोंदपत्रे त्याने तपासली. त्यांपैकी निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती व निम्म्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. बाकी वय, शुश्रूषा, शस्त्रक्रिया शक्य तितकी सारखी. झाडे पाहणाऱ्या रोग्यांचा रुग्णालयातील मुक्काम सरासरी ७.९६ दिवसांचा, तर भिंत पाहणाऱ्यांचा ८.७० दिवसांचा भरला. शिवाय पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामक औषधे कमी लागली. आकडे लहान आहेत, रोगीही थोडे आहेत. त्यावरून झाडे म्हणजे औषध असा निष्कर्ष कोणी काढू नये. परंतु खिडकी कोठे ठेवावी हा रंगसफेदीसारखा किरकोळ प्रश्न नसून त्याचा प्रकृतीशी संबंध असू शकतो, एवढे त्यातून निश्चित सूचित होते.

ही गोष्ट क्षयरोगाच्या आरोग्यधामांनी फार पूर्वीच ओळखली होती. क्षयाच्या जंतूवर औषध नव्हते त्या काळी स्वच्छ हवा, ऊन, पौष्टिक आहार आणि संपूर्ण विश्रांती हाच उपचार असे. स्वित्झर्लंडमधील दावोस त्यासाठी प्रसिद्ध झाले. आपल्याकडे पाचगणीस १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी बेल-एअर हे आरोग्यधाम काढले. या प्रकारच्या वास्तूंमध्ये विचारपूर्वक रचनेचा उत्तम नमुना म्हणून फिनलंडमधील पाइमिओ येथील आरोग्यधामाकडे बोट दाखविले जाते. १९२९ सालच्या स्पर्धेत आल्वार आल्टो या तरुण स्थापत्यकाराचा आराखडा निवडला गेला आणि १९३३ साली पाइन वृक्षांच्या वनात ही इमारत उघडली.

आल्टोने एक साधी गोष्ट ध्यानात घेतली. सामान्य खोली ही उभ्या माणसासाठी आखलेली असते. रोगी मात्र आडवा असतो. त्याच्या दृष्टीपुढे भिंत नसते, तर छत असते. म्हणून छताला डोळ्यांना न खुपणारा गडद हिरवट रंग दिला गेला आणि दिवा निजलेल्याच्या डोळ्यांवर येणार नाही अशा जागी बसविला गेला. खोली तापविणारी उष्णता डोक्याकडे न सोडता पायांकडे वळविली. एका खोलीत दोघे रोगी. एकाच्या तोंड धुण्याच्या आवाजाने दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून पाण्याची धार भांड्याच्या तळावर न आदळता तिरकी घरंगळेल असा त्या भांड्याचा उतार ठेवला. खिडकीच्या दुहेरी काचांमधून वळसा घेत हवा आत येई, त्यामुळे ती मोकळी असूनही झोंबत नसे. भूर्ज वृक्षाच्या लाकडाचे पातळ थर वाकवून केलेल्या खुर्चीच्या पाठीला, बसणाऱ्यास श्वास सुलभ व्हावा असा कल दिला होता. रोग्यांच्या खोल्यांची रांग सकाळचे ऊन घेईल अशा दिशेने वळविलेली होती. सारांश, सबंध इमारत हेच एक वैद्यकीय उपकरण आहे अशा भावनेने ती रचलेली होती.

तथापि पाइमिओची गोष्ट येथेच संपत नाही. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, पाठोपाठ इतर औषधे आली आणि जगभरची क्षयाची आरोग्यधामे ओस पडू लागली. पाइमिओचेही पुढे सर्वसाधारण रुग्णालय झाले. यातून एक नम्र धडा मिळतो. घर रोग बरा करीत नाही. ते शरीराला त्याचे काम करू देते. उजेड, वारा, झोप आणि शांतता यांच्या आड येत नाही. आजच्या विश्रामधामांकडूनही याहून अधिक अपेक्षा ठेवणे अगर याहून अधिक वचन देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

दुसरी गोष्ट अशी की, पाइमिओचे तत्त्व उचलावे, तिचा साचा उचलू नये. फिनलंडमध्ये ऊन हे दुर्मीळ धन आहे; विदर्भात अगर कोकणात ते चैत्र-वैशाखात शत्रू होते. रुंद काचेची तावदाने उत्तरेकडील थंड देशात ऊब साठवितात. तीच तावदाने आपल्याकडे खोलीची भट्टी करतात, आणि मग ती भट्टी थंड करण्यासाठी यंत्र बसवावे लागते. काचेतून उन्हाचा प्रकाश आत येतो, आतील वस्तू तापतात, परंतु तापलेल्या वस्तूंनी सोडलेली उष्णता काचेतून तितक्या सहज बाहेर पडत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर देखाव्यासाठी सर्व बाजूंनी काचेच्या भिंती उभारणारा मनुष्य हा नियम विसरतो, व त्याची किंमत वीजकंपनीस देत राहतो.

मग आपल्या हवेला अनुरूप असे घर कोणते? त्याचे एक अत्यंत साधे उदाहरण वर्ध्याजवळ आहे. गांधीजी १९३६ साली शेगाव या खेड्यात राहावयास गेले. त्या खेड्याचेच पुढे सेवाग्राम झाले. तेथील आदि निवास आणि मीराबेनच्या देखरेखीखाली उभी राहिलेली बापू कुटी या वास्तू मातीच्या भिंती, बांबू, लाकूड व गावठी कौले यांच्या आहेत. वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो. अशा प्रदेशात जाड मातीची भिंत दिवसाचे ऊन आत पोचविण्यास कित्येक तास लावते. ते आत येईतो सूर्य मावळलेला असतो व रात्रीचा वारा ती उष्णता काढून नेतो. कौलांच्या फटींतून वर चढलेली गरम हवा आपोआप बाहेर पडते. भोवतालचा उतरत्या छपराचा ओटा भिंतीवर ऊन पडू देत नाही आणि पावसाळ्यात तीच जागा बसण्याउठण्यास उपयोगी पडते. येथे विजेचे एकही यंत्र नाही, परंतु घर स्वस्थ बसलेलेही नाही. ते चोवीस तास काम करीत असते.

घर बांधावयाचे साहित्य शक्यतो पाच मैलांच्या परिसरातील असावे, असा गांधीजींचा आग्रह असे. लॉरी बेकर या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या स्थापत्यकाराने गांधीजींच्या भेटीत हे ऐकले आणि पुढे केरळात आयुष्यभर ते आचरले. विटा आडव्या न ठेवता उभ्या धारेवर रचून मध्ये पोकळी सोडण्याची जी रचना त्याने रूढ केली, तिच्यात सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात, आणि मधली कोंडलेली हवा उष्णतेलाही अडविते. साहित्य जवळचे असावे, या आग्रहाचे मर्म आज अधिक स्पष्ट झाले आहे. मानवाच्या उद्योगांमुळे वातावरणात जाणाऱ्या कर्बवायूपैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या उत्पादनातून जातो. चुनखडी भाजताना तिच्यातूनच हा वायू सुटतो, आणि भट्टीच्या इंधनाचा त्यात आणखी भर पडतो. म्हणजे डोंगरावर ओतलेल्या प्रत्येक सिमेंटच्या पाटीचा धूर अन्यत्र कोठे तरी आधीच निघून गेलेला असतो.

एका कुटीचे तंत्र शंभर पाहुण्यांच्या घरास पुरेल काय, हा पुढील प्रश्न. त्याचा विचार करण्यास श्रीलंकेतील कंदलामा येथील वास्तू फार उपयोगी आहे. १९९१ साली जेफ्री बावा या तेथील थोर स्थापत्यकाराकडे हे काम आले. यजमानांच्या मनात प्रसिद्ध सिगिरिया दुर्गाच्या जवळची जागा होती. बावाने ती नाकारली. जो देखावा पाहण्यास लोक येणार, त्याच्याच पायथ्याशी इमारत उभी करून तो बिघडवू नये, हा त्यामागील विचार. त्याऐवजी त्याने काही मैल दूर, कंदलामाच्या प्राचीन तलावाकाठची डोंगराची धार पसंत केली. तेथून तलावापलीकडे दूरवर सिगिरिया दिसतो, पण सिगिरियाच्या डोक्यावर पाहुण्यांचे ओझे येत नाही.

या योजनेस १९९२ साली मोठा विरोध झाला. बौद्ध भिक्षू, निसर्गप्रेमी मंडळी व स्थानिक लोक यांनी विचारले की, तलावात सांडपाणी गेल्यास त्या पाण्यावर जगणाऱ्या गावांनी काय करावे, आणि दंबुल्लाच्या पवित्र गुहांच्या परिसरात असल्या विलासस्थानाचे काम काय? हे प्रश्न गैर मुळीच नव्हते. ज्यांच्या दारी विश्रामधाम येते, त्यांची संमती आणि त्यांचे पाणी हा बांधकामाचा पहिला पाया होय. तो दगडी पायाच्याही आधी घालावा लागतो.

बावाने केलेली रचना या प्रश्नांच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १५२ खोल्यांची ही इमारत डोंगर कापून सपाटीवर ठेवलेली नाही. ती कड्याला बिलगून, त्याच्या वळणांप्रमाणे वळत, सुमारे एक किलोमीटर लांब पसरली आहे. बराचसा भाग खांबांवर उचललेला असल्यामुळे पावसाचे पाणी आपल्या जुन्या वाटेने खालून वाहून जाते व प्राण्यांचीही वाट अडत नाही. कड्याचा खडक प्रवेशाच्या दालनापर्यंत आत आलेला आहे. जाण्यायेण्याचे मार्ग मोकळे आहेत. त्यांना थंड करावे लागत नाही. सपाट छतावर माती घालून झाडे लावली आहेत आणि समोरच्या लाकडी चौकटींवर वेली सोडल्या आहेत. १९९४ साली इमारत उघडल्यानंतर या वेलींनी ती इतकी झाकून टाकली की तलावापलीकडून पाहणाऱ्यास ती चटकन ओळखू येत नाही. सांडपाणी शुद्ध करण्याची सोय आराखड्यातच धरलेली होती. येथे सिमेंट व काँक्रीट भरपूर वापरले आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. तसेच १५२ खोल्या म्हटल्या म्हणजे १५२ खोल्यांच्या चादरी, स्नाने आणि स्वयंपाक आलाच. वेली कितीही दाट असल्या तरी त्याचा हिशेब चुकत नाही. परंतु जागेची निवड, पाण्याच्या वाटांचा मान आणि स्वतःस मागे ठेवण्याची वृत्ती, हे तीन गुण तेथून शिकण्यासारखे आहेत.

आता सह्याद्रीकडे वळावे. येथील घराने तीन गोष्टींचा हिशेब जमविला पाहिजे: ऊन, झड आणि पाणी. आपला प्रदेश सुमारे १८ अक्षांशावर आहे. त्यामुळे डिसेंबरात भर दुपारचा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४८ अंश उंचीवर असतो. जूनमध्ये तो डोक्यावरून किंचित उत्तरेकडे गेलेला असतो. याचा अर्थ असा की, दक्षिणेकडील भिंतीवर दोन-अडीच हातांची पागोळी ठेवली तर उन्हाळ्याचे ऊन आपोआप बाहेर राहते व हिवाळ्याचे कोवळे ऊन आत येते. खरी पीडा पश्चिमेची. दुपारनंतरचे तिरपे ऊन कोणत्याही पागोळीखालून आत घुसते, आणि पावसाळ्यात झडही त्याच अंगाने येते. यास्तव पश्चिमेला निजावयाच्या खोल्या न ठेवता न्हाणीघर, कोठी, जिना अशी कमी वावराची जागा ठेवावी, किंवा रुंद पडवी काढावी. मावळतीचा देखावा पडवीत बसून पाहता येतो. त्यासाठी काचेच्या भिंतीत निजण्याची गरज नाही. झडीपासून भिंती वाचाव्यात म्हणून पावसाळ्यापूर्वी गवताच्या अगर झावळ्यांच्या ताट्या बांधण्याची जुनी रीत घाटमाथ्यावर व कोकणात आहे. ती दारिद्र्याची खूण नसून शहाणपणाची आहे.

साहित्याच्या बाबतीतही निसर्गाने येथे हात आखडलेला नाही. घाटमाथ्यावर काळा पाषाण आहे. कोकणात व माथ्यावरील पठारांवर जांभा आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने त्याचे चिरे पाडता येतात, आणि उघड्या हवेत तो कठीण होत जातो. त्यास भाजावे लागत नाही, म्हणून इंधन लागत नाही. परंतु येथे एक इशारा द्यावयास हवा. जवळचे म्हणून ओरबाडावे असा याचा अर्थ नव्हे. जांभ्याची पठारे म्हणजे उजाड माळ असा समज असतो. वस्तुतः पावसाळ्यात त्यांवर अन्यत्र न आढळणारी रानफुले फुलतात, म्हणूनच २०१२ साली जागतिक वारशात गेलेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांत कास पठाराचाही समावेश झाला. तेव्हा मोडलेल्या जुन्या घराचे चिरे, जुने सागवान, जुनी कौले मिळत असतील तर ती नव्या खाणीपेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

सर्वांत अवघड हिशेब पाण्याचा. महाबळेश्वरासारख्या ठिकाणी वर्षास साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तरीही घाटमाथ्यावरील कित्येक गावांना उन्हाळ्यात पाण्याची विवंचना असते. पाणी पडत नाही असे नाही. ते थांबत नाही. समजा, चाळीस पाहुण्यांचे विश्रामधाम आहे आणि दर माणशी दिवसाला १५० लिटर पाणी लागते. ऑक्टोबर ते मे या कोरड्या आठ महिन्यांचे, म्हणजे सुमारे २४० दिवसांचे मिळून १४ लाख ४० हजार लिटर झाले. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. म्हणून एवढे पाणी गोळा करण्यास पावणेतीनशे चौरस मीटरांचे छप्परही पुरे. पण ते साठविण्यास २४ मीटर लांब, २० मीटर रुंद व ३ मीटर खोल एवढे टाके हवे! ते नसेल तर उरलेले पाणी कोठून येणार? खोल विंधणविहिरीतून, म्हणजेच खालच्या गावाच्या झऱ्यातून. उलट, स्नानाचे पाणी शुद्ध करून शौचकूप व झाडे यांसाठी फिरवून वापरले, व ताज्या पाण्याचा खर्च ६० लिटरांवर आणला, तर तेच टाके ५ लाख ७६ हजार लिटरांवर भागते. म्हणून किती खोल्या बांधावयाच्या, हे देखाव्याने किंवा भांडवलाने नव्हे, तर टाक्याने ठरवावयाचे असते.

जे पाणी आत येते, ते मलिन होऊन बाहेर जातेच. जांभा सच्छिद्र आहे. त्यावर निष्काळजीपणे खणलेल्या शोषखड्ड्यातील पाणी फटींतून झिरपत खालच्या काळ्या खडकापर्यंत जाते व त्या सांध्यावरून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. त्या झऱ्यावर एखाद्या वाडीची बाई घागर भरीत असते. याला उपाय फार खर्चाचा नाही. सांडपाणी प्रथम बंद टाकीत निवळू द्यावे आणि नंतर खाली न झिरपणाऱ्या तळाच्या, खडी व वाळू भरलेल्या वाफ्यातून सावकाश सोडावे. या वाफ्यात कर्दळ किंवा नळ यांसारख्या वनस्पती लावतात. त्यांच्या मुळांभोवती व खडीवर वाढणारे सूक्ष्म जीव पाण्यातील घाण खाऊन टाकतात. यातून निघालेले पाणी पिण्याजोगे नसते, पण बागेस चालते. पाहुण्यांना हा वाफा म्हणजे फुलांचा ताटवाच वाटतो.

याशिवाय दोन अदृश्य वस्तू आहेत, ज्यांचा आराखड्यात सहसा उल्लेख नसतो: अंधार व शांतता. मे अखेरीस, पहिल्या पावसाच्या आधी, भंडारदऱ्याच्या परिसरात झाडेच्या झाडे काजव्यांनी उजळून निघतात. ते चमकणे म्हणजे नर-मादीची परस्परांना दिलेली खूण असते. प्रखर दिव्यांच्या उजेडात ती खूण दिसत नाही व त्यांचे मीलन हुकते. तेव्हा वाटेवरचे दिवे कमी उंचीचे, खाली तोंड केलेले, पिवळसर व वेळेवर मालविले जाणारे असावेत. शांततेच्या बाबतीत माथेरानने एक उपयुक्त पायंडा पाडलेला आहे. तेथे पाहुण्यांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात, आणि पुढे पायी, घोड्यावरून अगर छोट्या गाडीने जावे लागते. ही गैरसोय मानली तर गैरसोय. पण त्या गावची तांबड्या मातीची वाट आणि झाडीतील निवांतपणा तिच्यामुळेच टिकलेला आहे.

या सर्वांत उपचारांचे काय, असे कोणी विचारील. उत्तर असे की, निसर्गोपचाराचे खरे साहित्य फार थोडे आहे. गांधीजींनी १९४६ साली पुण्याजवळ उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला, तो गोरगरीब खेडुतांना माती, पाणी, ऊन, हवा आणि साधा आहार यांच्या योगे आरोग्य राखता यावे म्हणून. या पाचांपैकी एकही वस्तू दुरून आणावी लागत नाही. मात्र प्रत्येक वस्तू नासविता येते. संगमरवरी स्नानगृह बांधून झऱ्याचे पाणी आटविले, तर त्या संस्थेने उपचाराचे भांडे राखले आणि औषध सांडले असेच म्हणावे लागेल.

मुक्कामाला जाणाऱ्या गृहस्थांनीही आपला वाटा उचलावयास हवा, कारण बांधणारा शेवटी मागणीप्रमाणे बांधतो. खोलीतून देखावा कसा दिसतो, हा प्रश्न सर्वच विचारतात. त्याच्या जोडीला आणखी चार प्रश्न विचारण्यास काहीच मोल पडत नाही: येथील पाणी कोठून येते? वापरलेले पाणी कोठे जाते? उन्हाळ्यात यंत्रावाचून खोलीत निजता येते काय? आणि येथे काम करणारी माणसे कोणत्या गावची? या चार प्रश्नांची सरळ उत्तरे जेथे मिळतात, तेथील भिंती मातीच्या असोत वा दगडाच्या, ते घर आपल्या जागेशी इमान राखून आहे असे खुशाल समजावे. जेथे उत्तर देण्याऐवजी हिरव्या रंगाची पत्रिका हाती ठेवली जाते, तेथे सावध असावे.

घराची परीक्षा उद्‌घाटनाच्या दिवशी होत नाही; ती दहा पावसाळ्यांनंतर होते. तोपर्यंत खालच्या वाडीचा झरा पूर्वीप्रमाणे वाहत असेल, छपरावर शेवाळ व भिंतीवर वेल चढून ते घर डोंगराच्या रंगात मिसळले असेल आणि मेच्या अखेरीस अंगणातील झाडावर काजवे येत असतील, तर तेथे जाणाऱ्यास हवापालट मिळेल. नाही तर त्यास फक्त जागापालट मिळेल. आणि हवा मात्र तो जिथून आला तेथलीच.